लहान आहे, विसरेल

मैना म्हणजे आमच्या गोठ्यातली सगळ्यात गरीब गाय. एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन संकरित, चौथं वेत, कपाळावर पांढरा टिळा. मशिन लावताना पाय उचलत नाही, माझी मुलगी ओवी तिच्या मानेला लोंबकळते तरी ही आपली रवंथ करत उभी. पण सुई आली की संपलं. लाळ्या-खुरकुतच्या लसीला वर्षातनं दोनदा डॉक्टर येतात, बाकीच्या गाया टोचलं की कातडी थरथरवतात, फार तर शेपूट मारतात आणि परत गव्हाणीत तोंड घालतात. मैनाला मात्र खोड्यात घालून दोन माणसं लावली तरी ती अंग टाकते, हंबरते, आणि टोचलेल्या जागेला नुसता हात लागला तरी संध्याकाळपर्यंत सरकून घेते, त्या दिवशी दूधही दोन-तीन लिटरनं कमी येतं.

मैना पंधरा दिवसांची असताना तिची शिंगं जाळली तेव्हा तिचं डोकं मी धरलं होतं. म्हणून हे सगळं लिहायचंय.

2017 चा डिसेंबर होता. लग्नाला वर्ष झालेलं, पुण्यात लॅबमध्ये नोकरी करणारी बी.एस्सी. मायक्रोची मुलगी मी, फलटण तालुक्यात दिलेली, गोठ्यातलं सगळंच नवीन. शिंगं जाळायला जवळच्या वस्तीवरनं एकजण यायचे. शेगडीत कोळसे पेटवायचे, त्यात लोखंडी दांडी लाल करायची, दांडीचं टोक वाटीसारखं खोलगट, ते शिंगकळीवर, म्हणजे शिंग जिथून फुटतं त्या कोंबावर, बसवून गोल फिरवायचं. भूल नाही, दुखण्याचं इंजेक्शन नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंग दाबून धरलं आणि मी डोकं. आधी केस जळल्याचा वास, मग कातडीचा, आणि वासराचा तो आवाज, जीभ बाहेर आलेली, डोळे पांढरे झालेले. एक बाजू झाल्यावर दांडी गार झाली म्हणून परत तापेपर्यंत थांबावं लागलं, ती पाच मिनिटं तिचं काळीज माझ्या गुडघ्यावर धडधडत होतं आणि मला ते आजही गुडघ्यावर जाणवतं, खोटं नाही सांगत.

मी म्हणलं, "अण्णा, हिला काहीतरी द्यायला पाहिजे होतं ओ."

अण्णा म्हणाले, "अगं लहान आहे, विसरेल. मोठी झाल्यावर केलं तर जास्त हाल. बघ तू, अर्ध्या तासात बाटली तोंडात धरेल."

आणि धरली खरंच. मग मी पण गप्प बसले.

अण्णांना कुणी निर्दयी समजू नये म्हणून सांगते, बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हा माणूस बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावताना बैलाशी तासभर बोलत बसतो. आमच्याकडे अजून एक खिलार जोडी आहे, कामाला फारशी लागत नाही तरी ठेवलीय, त्यांची शिंगं घासून रंगवून वर शेंब्या चढवल्या की अण्णांचा चेहरा बघण्यासारखा असतो. शिंग म्हणजे बैलाची शान, असंच ते म्हणतात. शिंग जाळणं आमच्या घरात संकरित गाईंबरोबर आलं. इकडं उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बाएफ ही संस्था सुरू केली, तिथून जर्सी आणि होल्स्टीनचं वीर्य गावोगाव पोचलं, गाया दारात आल्या, डेअरी उभ्या राहिल्या, आणि गेल्या काही वर्षांत मुक्त गोठा आला. मुक्त गोठ्यात गाया दिवसभर मोकळ्या, गव्हाणीवर एकमेकींना ढकलणार, तिथं शिंगं असतील तर कासेला भोक पडायला एक क्षण पुरतो. अण्णांच्या मांडीवर वीतभर लांब खूण आहे शिंगाची. त्यामुळे शिंगं काढूच नयेत असं मी म्हणत नाही, आमच्याकडे ती काढावी लागतात. आणि लवकर काढावीत हेही बरोबर आहे, कारण साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगकळी कातडीतच असते, कवटीला चिकटलेली नसते, पुढं ती हाडाला जोडली जाते, मग कपाळाच्या हाडातली पोकळीही शिंगात शिरते आणि तेव्हा शिंग कापणं म्हणजे डोक्याला भोक पाडणं. अण्णांचं 'लवकर करा' इथपर्यंत बरोबर होतं. पण 'विसरेल' हे कुठून आलं?

हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तो पडला पुढच्या वर्षी, आणि गोठ्यात पडला नाही, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात पडला.

ओवी 31 व्या आठवड्यात झाली. 1 किलो 350 ग्रॅम. 26 दिवस काचेच्या पेटीत. रोज टाचेला टोचून रक्त, कधी दिवसातनं चार वेळा, साखर बघायला, कावीळ बघायला, अजून कशाकशाला. सुरुवातीला ती रडायची, मग एका आठवड्यानंतर नर्सनं पाय हातात घेतला की टोचायच्या आधीच तिची बोटं पसरायची आणि कपाळ आक्रसायचं, आवाज मात्र निघायचा नाही. मी एका सिस्टरना विचारलं हिला खूप दुखतंय का हो, त्या खूप प्रेमळ होत्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढ्याशा बाळाला काय आठवतंय ताई, सगळं विसरतात." मला एकदम कोळशाची शेगडी दिसली. तेच शब्द.

रात्री पंप करून दूध काढायला उठायचे, झोप यायची नाही, मग मोबाईलवर वाचत बसायचे. तेव्हा कळलं की बाळांच्या डॉक्टरांचाही खूप काळ हाच समज होता, नवजात बाळाच्या नसा पुरत्या तयार नसतात, त्याला दुखत नाही, दुखलं तरी राहत नाही. 1985 साली अमेरिकेत जिल लॉसन नावाच्या बाईचं बाळ 26 व्या आठवड्यात जन्मलं, त्याच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायचं ऑपरेशन झालं ते फक्त हालचाल बंद करणारं औषध देऊन, वेदना थांबवणारं काही न देता. बाळ पुढं काही आठवड्यांत गेलं, आणि नंतर आईला हे कळलं, आणि तिनं ते जगाला सांगितलं. मी ते वाचलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, वॉर्डातल्या सगळ्या बायका झोपलेल्या.

त्याच सुमारास इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद हे काम करत होते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या ऑपरेशनमध्ये एका गटाला नेहमीची हलकी भूल, दुसऱ्या गटाला त्यासोबत फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक, आणि फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरातला ताण कितीतरी कमी, ऑपरेशननंतरचा त्रासही कमी. हे 1987 मध्ये छापून आलं. त्यानंतर टोरांटोत अ‍ॅना टॅडिओ यांनी 1997 मध्ये जे दाखवलं ते माझ्या मनात जास्त रुतून बसलं. 87 मुलगे, काहींची जन्मल्याबरोबर सुंता झालेली, त्यातल्या काहींना आधी बधिर करणारं मलम लावलेलं, काहींना औषध नसलेलं नुसतंच मलम, आणि काहींची सुंता झालीच नव्हती. ही सगळी बाळं चार-सहा महिन्यांची झाल्यावर नेहमीच्या लसीला आली तेव्हा त्यांचं रडणं आणि चेहरा बघितला. सुंता झालेली बाळं लसीला जास्त कळवळली, आणि त्यातही ज्यांना बधिर करणारं मलम मिळालं नव्हतं ती सगळ्यात जास्त. म्हणजे जन्मल्यावर आठवडाभराच्या आतली एक जखम, आणि दुसऱ्याच जागी, मांडीवर, काही महिन्यांनी दिलेली सुई. या दोन गोष्टी बाळाच्या आत कुठंतरी जोडलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सिस्टरना विचारलं की टोचताना मी तिला छातीशी धरू का. त्या लगेच हो म्हणाल्या, त्यांनीच मग शिकवलं, आधी जिभेवर दुधाचे थेंब, पाय उबदार फडक्यात, आणि बाळ उघड्या छातीवर. कांगारूसारखं धरायचं हे, कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 ला पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालं होतं. ओवीची बोटं तरी पसरायची. पण कपाळ लवकर सैल व्हायचं.

घरी आल्यावर गोठ्यात गेले तर मैना वर्षाची होत आलेली. आणि मला आठवलं की सहा महिन्यांची असताना तिला ब्रुसेलाची लस दिली होती, कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या मधे एकदाच देतात ती, तेव्हा ती खाली पडून थरथरत होती आणि आम्ही सगळ्यांनी तिला नाटकी म्हणलं होतं.

आता इथं एक गोष्ट मला नीट वेगळी करायची आहे कारण आमच्या घरातच यावर वाद होतो. नवरा म्हणतो मैनाला भीती बसलीय, माणसांची, धरण्याची. असेलही. वासरं लक्षात ठेवतात याबद्दल शंका नको, कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वासरांना ज्या जागेत शिंगं जाळण्याची वेदना भोगावी लागली ती जागा ती नंतर टाळायची हे दाखवलेलं आहे. त्याच विद्यापीठाचं 2013 चं अजून एक काम आहे, वासरांना शिकवलं की पडद्यावर एक रंग आला आणि नाक लावलं की दूध मिळतं, दुसरा रंग आला तर मिळत नाही, एक पांढरा, एक लाल. मग मधले गुलाबी रंग दाखवायचे आणि बघायचं वासरू पुढं जातंय का. शिंगं जाळल्यानंतर तीच वासरं मधल्या रंगांकडे जाणं कमी करायला लागली. दूध असेल ही आशाच कमी झाली. हे वाचून मी खूप वेळ नुसती बसले होते.

पण ही झाली मनाची गोष्ट, आठवणीची. मी म्हणतेय ती त्याखालची. मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूत वेदनेचा निरोप वर नेणाऱ्या नसा लवकर कामाला लागतात, पण मेंदूतनं खाली येऊन 'बास, कळलं, आता शांत' असं सांगणारी जी यंत्रणा असते ती उशिरा तयार होते. म्हणजे गाडीला ॲक्सिलरेटर आधी आणि ब्रेक नंतर बसवल्यासारखं. अशा वेळी एवढा मोठा निरोप आत आला तर तिथल्या पेशी त्या आवाजालाच सरावतात, आणि पुढं तशी जखम परत झाली की जास्त जोरात आणि जास्त दिवस बोलत राहतात. वासराला काही आठवायची गरजच नाही यात. लंडनमध्ये उंदरांच्या पिल्लांवर हे बारकाईनं बघितलंय, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पंजाला छोटा छेद दिला तर पुढं तिथंच परत छेद दिल्यावर त्यांना जास्त दुखतं, आणि गंमत अशी की एरवी, जखम नसताना, ती उलट जरा बधिरच असतात. म्हणजे नुसतं बघून तुम्हाला काही कळणारच नाही, दुसरी जखम होईपर्यंत. आणि त्याच कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पहिल्या छेदाच्या वेळी त्या पायाची नस औषधानं बधिर करून ठेवली असेल, निरोप वर जाऊच दिला नसेल, तर पुढचा हा परिणाम होत नाही.

हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवलं होतं.

उंदराचं पिल्लू आणि वासरू एक नाही हे मलाही कळतं. पिल्लू आंधळं, केस नसलेलं जन्मतं, वासरू तासाभरात उभं राहतं, त्याच्या नसा जन्मतःच पुष्कळ तयार असतात, त्यामुळे उंदराचा पहिला आठवडा म्हणजे वासराचा पहिला आठवडा असं सरळ गणित मांडता येत नाही. वासराच्या जवळचं जनावर म्हणजे कोकरू, आणि न्यूझीलंडमध्ये 2010 च्या एका कामात ज्या कोकरांचं पहिल्याच दिवशी खच्चीकरण केलं होतं ती पुढं शेपूट कापताना, दहाव्या दिवशी खच्ची केलेल्या कोकरांपेक्षा जास्त वेदना दाखवत होती. जितकं लहान तितकं बरं, या समजुतीला तिथं तडा गेला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला वासरांच्या डागलेल्या जखमांवर आठवड्यामागून आठवडे हळूच दाब देऊन बघितलं, जखम भरायला सरासरी 9 आठवडे लागले आणि तेवढा सगळा काळ ती जागा हुळहुळी राहिली. 9 आठवडे! आम्ही राख आणि हळद लावून तिसऱ्या दिवशी विसरून गेलो होतो. स्वित्झर्लंडमध्ये तर काही वासरांत जखम भरल्यानंतरही जुनाट वेदनेच्या खुणा दिसल्या. एका मैनावरनं मी काही सिद्ध करायला निघालेली नाही, तिच्याबरोबर जाळलेल्या दुसऱ्या कालवडीला सुईचं काही वाटत नाही हेही खरं आहे, सगळी शरीरं सारखी वागत नाहीत. पण जे टाळता येतं ते कुठल्या वासराच्या अंगात राहील आणि कुठल्या नाही हे आधी बघून कळत नाही ना.

आणि टाळता येतं हो, तेच तर आहे. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगकळी यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली एक नस जाते, तिथं डॉक्टर लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देतात, एका बाजूला पाचेक मिली, दोन्ही बाजूंना मिळून दहा. मग थांबायचं. दहा मिनिटं तरी. ही दहा मिनिटंच लोकांना नको असतात. मग सुईच्या टोकानं कळीभोवती टोचून बघायचं, वासरानं कान हलवला नाही की काम करायचं. भूल दोन-तीन तासांत उतरते आणि तेव्हा वेदना परत चढते, न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात रक्तातला ताणाचा हार्मोन मोजून हे खूप वर्षांपूर्वी दाखवलंय, नुसती भूल दिली तर ताण गेला नाही, पुढं ढकलला गेला. म्हणून सोबत मेलॉक्सिकॅम, दुखणं कमी करणारं औषध. ते वासराच्या अंगात दिवसभराहून जास्त टिकतं. डायक्लोफिनॅक चुकूनही नाही, तेही दुखण्याचंच औषध, पण ते दिलेलं जनावर मेल्यावर खाणारी गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, तरी जुन्या बाटल्या अजून कुणाकुणाच्या फळीवर दिसतात.

आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं ही कामं ठरवून दिलेल्या पद्धतीनं केली तर क्रूरता धरलेली नाहीत. मी हे अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, पद्धत म्हणजे काय ते आपण ठरवू, आपल्या गोठ्यापुरतं. मला वाटतं त्या दिवशी ते खरे बदलले, कारण आधी सहा महिने मी उंदीर सांगून बघितले, कोकरं सांगून बघितली, ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे आमच्या बापजाद्यांनी पण डाग दिले जनावरांना, जगली. मग एक दिवस ओवीला दीड वर्षाच्या लसीला नेलं, ते सोबत आले होते. ओवी सुईच्या आधी नाही, नर्सनं बूट काढायला पायाला हात लावला तेव्हा किंचाळली. टाच आत ओढून घेतली. लस मांडीला होती. परत येताना गाडीत अण्णांनी तिची टाच हातात धरून ठेवली होती, तिथं बारीक पांढरे ठिपके आहेत अजून, ते अंगठ्यानं चोळत होते, आणि खूप वेळानं म्हणाले, "मैनाचं पण असंच झालं असेल काय गं?"

मी काही बोलले नाही. मला बोलता आलं नाही.

ओवी आता सहा वर्षांची आहे. लसीला रडते, पण इतर मुलं रडतात तेवढीच. मैनाला आम्ही खोड्यात घालणं बंद केलंय, अण्णा स्वतः तिच्या मानेवर हात फिरवत उभे राहतात, बारीक सुई, एकच माणूस, तरी तिची कातडी आधीच ताठते आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. बरी होईल असं मला वाटत नाही. शिंगं नसलेल्या वळूचं वीर्य आता मिळतं म्हणतात, वळूला बिनशिंगाचा गुण आई आणि बाप दोन्हीकडून आलेला असेल तर सगळी वासरं बिनशिंगाचीच होतात, ते आमच्या डॉक्टरांना मागवायला सांगितलंय, दुधाचा अंदाज बघून घेऊ. तोवर जी वासरं येतील त्यांचं करावंच लागणार.

गेल्या महिन्यात टिकलीचं केलं. मैनाचीच कालवड, तीन आठवड्यांची. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी लिग्नोकेन दिलं, मानेत मेलॉक्सिकॅम, आणि हात धुवायला गेले. आता कोळशाची शेगडी नाही, गॅसवरची दांडी आहे, ती निळ्या ज्योतीवर सूं सूं करत होती. ओवी मांडी घालून बसलेली, टिकलीचं डोकं तिच्या मांडीवर, एका हातात माझा मोबाईल, त्यावर दहा मिनिटांचं टायमर लावलेलं. सात मिनिटांनी टिकलीच्या पापण्या जड झाल्यासारख्या दिसल्या तसे डॉक्टर म्हणाले, झालं वाटतं, घेऊ या का.

"अजून तीन मिनिटं आहेत," ओवी म्हणाली.

अण्णांनी वाकून गॅस बारीक केला.